नव शापेलच्या भिंतीवरची नावं

पहिला दिवस : लील

पॅरिसहून गाडी तासाभरात लीलला आली. भाचा स्टेशनावर उभाच होता. माझी बॅग हातातून घेता घेता त्याने विचारलं, "मावशी, पॅरिसमध्ये चार दिवस जास्त राहायचं सोडून तुला त्या खेड्यात काय बघायचंय? तिथे साधं हॉटेल नाही."

"भिंत बघायचीय," मी म्हटलं.

माझं बालपण बोपोडीत गेलं. पलीकडे खडकीला बीईजी, म्हणजे बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचं केंद्र. पहाटेचा बिगुल ऐकून आमच्या घरात चहाचं आधण चढायचं. चाळीत एक निवृत्त सुभेदारकाका होते. त्यांच्या तोंडी एक नाव सारखं यायचं, 'नू चापेल'. ते स्वतः तिथे गेलेले नव्हते, जायचं वयही नव्हतं. पण पलटणीच्या गोष्टी घरातल्या गोष्टींसारख्या एकाकडून दुसऱ्याकडे येतात. मला लहानपणी वाटायचं, नू चापेल हे दौंडच्या पुढचं एखादं स्टेशन असावं.

पुढे एकतीस वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली. नावं लिहिणं, नावं दुरुस्त करणं, 'स्पेलिंग चुकलंय हो बाई' हे ऐकणं. त्यामुळे फ्रान्समध्ये नव शापेल, म्हणजे काकांच्या 'नू चापेल' गावाजवळच्या एका शेतात भिंतीवर पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४,७४२ हिंदी सैनिकांची नावं कोरली आहेत हे वाचलं, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार काही फारसा उदात्त नव्हता. ही नोंद कोणी घेतली असेल आणि किती चुका केल्या असतील, एवढंच मनात आलं.

लीलविषयी काही लिहीत नाही. संध्याकाळी पाऊस होता, आणि भाच्याच्या खोलीत मी मेतकूट-भात केला.

दुसरा दिवस : ला बासे ते नव शापेल

लीलहून बेतूनकडे जाणाऱ्या लोकल गाडीत सायकली चढवल्या आणि ला बासे-व्हिओलेन नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरलो. तिथून गाव सहा-एक किलोमीटर. एकसष्टाव्या वर्षी सायकल म्हणजे धाडस, असं भाच्याचं मत. पुण्यात वाढलेल्या बाईला सायकल शिकवू नये, असं माझं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. दोन्ही बाजूंना कोल्झाची शेतं पिवळीधमक; मोहरीच्याच जातीचं पीक, तेलासाठी लावतात. मधूनमधून बटाट्याचे उंच वाफे आणि बिटाचे नुकते उगवलेले कोंब. हे बीट साखरेचं, कोशिंबिरीचं नव्हे. जमीन किती सपाट असावी! नजरेला अडवायला एक टेकाड नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला असल्या प्रदेशात कुठे टेकावं तेच कळत नाही. शेतांच्या कडेने पाण्याचे चर, चरांच्या काठी डोकी छाटलेली विलोची झाडं. फूटभर खणलं की पाणी लागतं, असं भाचा म्हणाला. हे पाणी पुढे या गोष्टीत फार येणार आहे.

वाटेत ला बाँब नावाचा चौक लागतो. हो, नावाचा अर्थ तोच. चौकाच्या कोपऱ्यावर एक पांढुरका खांब दिसला आणि माझं पॅडल आपोआप थांबलं. "आता नाही," भाचा म्हणाला, "ढग बघ. आधी मुक्कामाला पोचू." त्याचं ऐकलं आणि बरं केलं. गावात शिरतो न शिरतो तोच आभाळ फाटलं.

नव शापेल म्हणजे 'नवं प्रार्थनास्थळ'. गोव्याकडची माणसं 'नवी कपेल' म्हणतील. वस्ती हजार-दीड हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतीला कसेबसे सात सदस्य मिळतील एवढी. फ्रान्समध्ये मात्र एवढ्याशा गावालाही स्वतःचा महापौर आणि स्वतःची मेरी, म्हणजे गावकचेरी. मेरीच्या दारावर झेंडा, पाटीवर कामाचे तास, आणि आत माझ्यासारखंच कोणीतरी जन्म-मृत्यूच्या वह्या सांभाळत असणार. दार बंद होतं, नाहीतर मी आत शिरलेच असते.

घरं लाल विटांची, उतरत्या कौलांची, एकाला एक शोभतील अशी. शोभतात, कारण सगळी एकाच काळातली आहेत. १९१८ साली इथे घर म्हणून काही उरलंच नव्हतं. चर्च गेलं, शाळा गेली, रस्तेसुद्धा ओळखू येत नव्हते. मग लोक परत आले आणि १९२० च्या दशकात गाव पुन्हा उभं राहिलं. त्यामुळे या 'नव्या' नावाच्या गावात खरोखरच जुनं काही सापडत नाही. एखाद्या धरणात गेलेल्या गावाचं पुनर्वसन पाहिलं असेल तर ती सरळ आखणी लगेच ओळखता येते.

मुक्काम शेजारच्या रिशबूर गावातल्या एका शेतघरात. घरमालकीण सत्तरीची, हाताला माती, बोलणं धबधब्यासारखं. तिने आम्हाला चुलीपाशी बसवलं, ओले बूट कागद कोंबून सुकायला ठेवले आणि शिकाँ ओ ग्रातँ वाढलं. शिकाँ म्हणजे अंधारात वाढवलेले चिकोरीचे पांढरे गड्डे. हॅममध्ये गुंडाळायचे, वर पांढरा सॉस आणि चीज घालून भाजायचे. माझ्यासाठी हॅमविना. कडवट चव आहे, कारल्याच्या पुष्कळ अलीकडची. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं, तेव्हा ती खुलली.

तिच्याकडूनच रिशबूरची कुळकथा कळली. आता रिशबूर एक गाव आहे, पण १९७१ पर्यंत दोन होती: रिशबूर-सँ-व्हास्त आणि रिशबूर-लाव्हुए. सँ-व्हास्त हे आरासच्या मोठ्या मठाचं नाव. आणि 'आव्हुए' म्हणजे त्या मठाचा लौकिक राखणदार. संन्याशांनी शस्त्र धरायचं नाही, देहदंडाची शिक्षा द्यायची नाही, असा नियम. मग मठाच्या वतीने लढाई आणि न्यायनिवाडा करायला एक सरदार नेमायचा आणि बदल्यात त्याला उत्पन्नाचा वाटा द्यायचा. बेतूनच्या सरदार घराण्याकडे हे काम पिढीजात होतं. भाचा भाषांतर करता करता अडखळला, "मावशी, ह्याला मराठीत काय म्हणतात गं?"

"वतन," मी म्हटलं. "एक गाव देवस्थान इनामाचं, दुसरं देशमुखाचं."

हा सगळा मुलूख आर्त्वा परगण्याचा, आणि तो कित्येक पिढ्या स्पेनच्या राजाकडे होता. पिरेनीजच्या तहाने आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सच्या पदरात पडला. तहाचं साल १६५९, महिना नोव्हेंबर. आपल्याकडे त्याच महिन्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान पडत होता. घरमालकिणीला ही जोड सांगण्याचा मोह झाला होता. पण अफजलखान फ्रेंचमध्ये सांगायचा म्हणजे भाच्याची परीक्षा, म्हणून सोडून दिलं.

जेवण झाल्यावर तिने फडताळातून एक वेताची परडी काढली. त्यात घोड्याचा नाल, पितळेचं एक बटण, गंजून पापुद्रे सुटलेले लोखंडाचे तुकडे, आणि तळाशी करड्या गोळ्या. एक माझ्या तळहातावर ठेवली. करवंदाएवढी, पण करवंदाच्या मानाने भलतीच जड. शिसं. श्रॅप्नेलच्या गोळ्यात अशा शेकडो गोळ्या भरलेल्या असत आणि तो डोक्यावर फुटला की गारांसारख्या कोसळत. एका बाजूने ती चपटी झाली होती. कशावर तरी आपटल्याशिवाय शिसं चपटं होत नाही. मी ती परत परडीत टाकली आणि हात धुऊन आले.

अजूनही दर वर्षी नांगरताना न फुटलेले तोफगोळे वर येतात. शेतकरी ते बांधावर ठेवतात, सरकारी बॉम्बनाशक पथकाला कळवतात, पथक येऊन घेऊन जातं. "हे आमचं तिसरं पीक," ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

तिसरा दिवस : चौकातली भिंत

सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. नाश्त्याला पाव, लोणी आणि साखरेचा टार्ट, जो आपल्या पुरणपोळीला सहज मागे टाकेल इतका गोड. सायकली काढल्या आणि दहा मिनिटांत चौकात.

आधी एक गंमत. जगभर हे 'नव शापेलचं स्मारक' म्हणून ओळखलं जातं, पण ते नव शापेलच्या हद्दीत नाही. रिशबूरच्या हद्दीत आहे. लढाईचं नाव एका गावाचं, जागा दुसऱ्याची. हद्दीचे वाद ऐकत नोकरी केलेल्या बाईला हे फार ओळखीचं वाटलं.

स्मारक वर्तुळाकार आहे. रचना हर्बर्ट बेकर या वास्तुकाराची. नवी दिल्लीतली सचिवालयाची इमारतही त्याचीच. मधोमध सुमारे पंधरा मीटर उंचीचा खांब, अशोकस्तंभाची आठवण देणारा, माथ्यावर कमळ, त्यावर ब्रिटिश मुकुट. खांबाच्या दोन्ही बाजूंना दोन दगडी वाघ बसलेले. वर्तुळाचा पुढचा भाग दगडी जाळीचा, सांचीच्या कठड्याच्या वळणाचा, आणि दोन टोकांना घुमटाच्या छोट्या छत्र्या. छत्री म्हटलं की मला वानवडीची शिंद्यांची छत्री आठवते. इथे बीट-बटाट्याच्या रानात, बाजूने ट्रक जाताहेत, अशा ठिकाणी छत्री पाहून जरा गलबललं, हे कबूल करते. खांबावर 'ईश्वर एक आहे, विजय त्याचाच' या अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे, आणि जोडीला अरबी, देवनागरी आणि गुरुमुखीतला मजकूर. देवनागरी अक्षरांवरून मी बोट फिरवलं. वळण शाळामास्तराचं आहे.

हे इथे का आहे ते थोडक्यात सांगते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिशांची छोटी फौज पहिल्या दोन महिन्यांतच झिजली. म्हणून लाहोर आणि मीरत अशा दोन डिव्हिजन हिंदुस्थानातून बोलावल्या. सप्टेंबरअखेर त्या मार्सेच्या बंदरात उतरू लागल्या, आणि ऑक्टोबरच्या शेवटी याच चिखलात होत्या. अंगावर सुरुवातीला उन्हाळी खाकी. २६ ऑक्टोबरला जर्मनांनी नव शापेल घेतलं. २८ तारखेला ते परत घेण्यासाठी ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या दोन कंपन्या पुढे पाठवल्या.

सॅपरचं काम हल्ला करणं नव्हे. पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं, रस्ते करणं हे त्याचं काम. हातात हत्यार असतं, पण खांद्यावर फावडं आधी. त्या दिवशी पायदळ कमी पडलं म्हणून या कारागिरांना संगिनी लावून उघड्या शेतातून धावायला लावलं. ते गावात घुसले, घराघरांतून लढले, आणि मागून कुमक आली नाही म्हणून त्यांना परत फिरावं लागलं. ४७ व्या शीखमधले २८९ जण गेले होते, ६८ परतले. सॅपर्सचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी पडले किंवा जखमी झाले. सुभेदारकाकांचं 'नू चापेल' ते हे. लोकांना मार्च १९१५ ची मोठी लढाई माहीत असते, पण खडकीचा संबंध आधी या ऑक्टोबरच्या सकाळशी आहे. इतकी वर्षं शिकवून तयार केलेले सुतार, लोहार, गवंडी असे एका दिवसात खर्च करून टाकले. शौर्याच्या कौतुकात हा हिशेब कोणी मांडत नाही, याचा मला राग येतो.

हिवाळाभर त्यांनी जे केलं तेही ऐकण्यासारखं आहे. इथे खंदक खणला की पाणी भरायचं, म्हणून जमिनीच्या वर मातीच्या पोत्यांच्या भिंती उभारल्या. हातबॉम्ब नव्हते, तर जॅमच्या रिकाम्या डब्यात स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे ठासून, वात लावून ते घरीच बनवले. दिवाळीत डब्याखाली सुतळी बॉम्ब लावणाऱ्या पोरांना हे तंत्र लगेच कळेल.

मग १० मार्च १९१५. ब्रिटिशांचा या आघाडीवरचा नीट आखलेला पहिला मोठा हल्ला. विमानातून छायाचित्रं घेऊन जर्मन खंदकांचे नकाशे केले होते. सकाळी साडेसातला सुमारे ३४० तोफा सुटल्या, पस्तीस मिनिटं. आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ उठलं, त्यातलं निम्मं हिंदी. काही तासांत गाव हाती आलं. पुढे ओबेरचा उंचवटा घ्यायचा होता. तो मी शोधत होते, तर भाच्याने बोट दाखवलं. क्षितिजावर जमीन किंचित वर गेली आहे, काही मीटर, बस्स. आपल्याकडे त्याला कोणी नावही ठेवलं नसतं. पण या सपाटीवर तेवढी उंची म्हणजे सिंहगड. तो मिळाला नाही. टेलिफोनच्या तारा तुटल्या, निरोप पोचेनात, दारूगोळा संपत आला, आणि तीन दिवसांनी सगळं थांबलं. ब्रिटिश आणि हिंदी मिळून सुमारे ११,००० हून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्यात हिंदी ४,२०० च्या घरात. गढवाल रायफल्सचा गबरसिंह नेगी पहिल्याच दिवशी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्याचं नाव याच भिंतीवर आहे.

या काळात सैनिकांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉर वाचायचा. म्हणून काहींनी सांकेतिक शब्द काढले होते. काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल वापरताहेत, असं लिहिलं की घरी कळायचं. सेन्सॉरलाही कळलं, म्हणून तर आज आपल्याला कळतंय.

आता भिंत. मी चष्मा पुसला आणि डावीकडून सुरुवात केली.

नावं पलटणींप्रमाणे लावली आहेत, पलटणीत हुद्द्याप्रमाणे, हुद्द्यात इंग्रजी वर्णानुक्रमाने. नोंदणीची पद्धत म्हणून निर्दोष. हुद्दे वाचताना मला हसू आलं: सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक. आपल्याकडे यातलं कुठलंही आडनाव हाक मारली तर चाळीत दोन दारं उघडतील. खाली लढाऊ नसलेल्यांचीही नावं आहेत, भिश्ती, स्वयंपाकी, झाडूवाला. त्यांनाही त्याच आकाराचं अक्षर. हे मला आवडलं.

सॅपर्स अँड मायनर्सच्या रकान्यात आमचं खरं काम सुरू झालं. या पलटणीत मराठे, शीख, मुसलमान अशी मिश्र भरती असायची. शीख नावं लगेच कळतात, सिंग असतंच. मराठी नावं मात्र रोमन लिपीत अशी बसवलेली की मोठ्याने म्हटल्याशिवाय उलगडत नाहीत. कारकून बहुधा पंजाबी कानाचा किंवा गोरा. आडनाव बऱ्याचदा अर्धवट, 'राव' जोडलेला, शेवटचा अकार कुठे आहे कुठे नाही. भाचा स्पेलिंग वाचायचा, मी उच्चार करायची. "असं नसेल मावशी." "असंच आहे, मी असली तीनशे प्रमाणपत्रं दुरुस्त केलीत." दहा-बारा नावं तरी आम्ही अशी सोडवली. शेजारी एक डच जोडपं उभं होतं. त्यांना वाटलं असावं आम्ही प्रार्थना म्हणतोय. ते टोपी काढून उभे राहिले. त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही.

भिंतीवर बापाचं नाव नाही, गाव नाही. पण प्रवेशाजवळ भिंतीत छोटं दार असलेला एक कोनाडा असतो आणि त्यात छापील नोंदवही. हे मला आधी माहीत नव्हतं. दार उघडलं, वही हातात घेतली, आणि नोकरीतल्या टेबलावर बसल्यासारखं वाटलं. काही नोंदींत पुढे लिहिलेलं आहे: अमक्याचा मुलगा, अमकं गाव, जिल्हा. काहींत काहीच नाही. आमच्या दहा-बारांपैकी दोघांपुढे सातारा होतं आणि एकापुढे रत्नागिरी.

रत्नागिरीवाल्याच्या गावाचं नाव सुरुवातीला 'आंब' एवढं स्वच्छ आणि पुढे नुसता घोळ. मी कागदावर ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये या स्मारकाचं अनावरण झालं, तेव्हा फ्रान्सचे मार्शल फॉश स्वतः आले होते, ब्रिटनचे भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड होते, हिंदुस्थानातून संस्थानिक आले होते. २०१५ मध्ये आपले पंतप्रधान येऊन गेले. गावकऱ्यांना या सगळ्याची सवय आहे. आम्ही होतो तेवढ्यात एक शेतकरी ट्रॅक्टरवरून गेला आणि जाता जाता त्याने मला हात केला. साडी बघून असेल.

दुपारी त्याच रस्त्याला जवळच असलेल्या पोर्तुगीज दफनभूमीत गेलो. आपल्याला पोर्तुगीज म्हणजे वसईचा किल्ला आणि गोवा. इथे १,८३१ पोर्तुगीज पोरं मातीत आहेत. १९१७ पासून त्यांचं सैन्य या आघाडीवर होतं, आणि ९ एप्रिल १९१८ ला, जर्मनांच्या लीस नदीवरच्या चढाईत, ते एका सकाळीत उधळलं गेलं. त्यांच्यामुळे नव शापेलची एक वस्तू मात्र वाचली. गावातला लाकडी क्रूसावरचा ख्रिस्त, तोफगोळ्यांनी एक हात आणि पाय तोडलेला, त्या उद्ध्वस्त रानात उभा राहिला होता. पोर्तुगीज सैनिकांचा त्याच्यावर जीव जडला. १९५८ मध्ये फ्रान्सने तो पोर्तुगालला दिला. आता तो बताल्याच्या मठात, त्यांच्या अज्ञात सैनिकांच्या थडग्यापाशी आहे, 'खंदकांचा ख्रिस्त' म्हणून. म्हणजे या गावातली युद्धाआधीची एक वस्तू बघायची तर लिस्बनकडे जायला हवं. घरमालकिणीला विचारलं, गावाला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "तिथे त्याच्यासमोर पहारा असतो, इथे कोण उभं राहिलं असतं?"

रात्री झोप येईना. 'आंब' पुढे काय?

चौथा दिवस : बेतून आणि परत

रविवार. गावातल्या बेकरीतला पाव साडेअकराला संपला आणि त्यानंतर विकत मिळण्याजोगं काही उरलं नाही. घरमालकिणीने उकडलेले बटाटे आणि मीठ पुडीत बांधून दिलं. निघताना ती माझ्या दोन्ही गालांना गाल लावून भेटली. मी तिला वाकून नमस्कार केला. वयाने मोठी होती.

र्यू द्यू बुआ नावाच्या सरळसोट रस्त्याने बेतूनकडे निघालो. वारा समोरून. वाटेत ल तुरेचं ब्रिटिश स्मारक, ज्यांचे देह सापडलेच नाहीत अशा १३,००० हून अधिक जणांचं. रिशबूरजवळच ३० जून १९१६ ला इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या पलटणींची ३६६ माणसं एका सकाळीत मेली. दुसऱ्या दिवशी सोम नदीकाठची प्रचंड लढाई सुरू झाली आणि हा सगळा प्रकार वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यातही उरला नाही. मी तिथे फार थांबले नाही. भिंती वाचायचीही एक मर्यादा असते आणि माझी काल संपली होती.

बेतूनच्या चौकात चौदाव्या शतकातला घंटामनोरा आहे. १९१८ मध्ये भोवतालचं गाव कोसळलं, मनोऱ्याचीही मोडतोड झाली, आणि मग सगळं पुन्हा उभं केलं. त्याच्या सावलीत बसून बटाटे खाल्ले. मग लीलची गाडी.

गाडीत मी तो कागद काढला आणि तिकिटाच्या मागे देवनागरीत लिहून पाहिलं. आंबडस, आंबवली, आंबेड, आंबव. रत्नागिरी जिल्ह्यात आंब्यावरून नाव असलेली गावं किती, याची कल्पना असेलच. शेवटचं इंग्रजी अक्षर 'डी' धरलं तर आंबेड जवळ जातं. मधलं 'ओ' धरलं तर आंबव. कोणी कारकुनाने एका थकलेल्या पोराच्या तोंडून ऐकून घाईत लिहिलं असेल. त्या पोराने बरोबरच सांगितलं असणार, आपलं गाव कोण चुकीचं सांगतं?

"मावशी, सोड ना," भाचा म्हणाला. "शंभर वर्षं झाली."

"म्हणूनच. दुरुस्तीचा अर्ज कधीही करता येतो."

खेडच्या बाजूला माझी एक जुनी मैत्रीण ग्रामसेविका होती. तिला कागदाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: हे गाव कुठलं असेल गं, बाप्याचं नाव वर दिलंय, साल १९१४. तिकडे रात्रीचे आठ वाजत आले असतील. ला बासे मागे गेलं, पिवळी शेतं मागे गेली, आणि लील यायच्या जरा आधी तिचं उत्तर आलं.

"तालुका कोणता?"

तालुका त्या वहीत लिहिलेला नव्हता.